वाळा, हरीक आणि तारापूरची माती

एक हेक्टर शेतातली वरची फक्त वीतभर माती खरवडून तोलली, तर काटा अडीच हजार टनांच्या पुढे जातो. दहा टनी ट्रकच्या अडीचशेहून जास्त खेपा होतात. ती माती रसायनांनी पुरती बाधलेली असली, तर बोईसरहून मुंबईला वळसा घालून थेट तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या केंद्रापर्यंत न्यावी लागेल. भाडं वेगळं, तिथल्या प्रक्रियेचा खर्च वेगळा. मागे उरलेला खड्डा भरायला चांगली माती लागणार, ती दुसऱ्या कुणाच्या तरी जमिनीतून येणार. एवढं करून साफ होणार एकच हेक्टर.

हा खर्च ऐकला की माणूस झाडांकडे का वळतो ते कळतं. झाड मजुरी मागत नाही, उन्हावर चालतं आणि रोज मातीतून पाणी वर ओढतं. त्या पाण्याबरोबर विषही वर आलं तर झाड कापायचं आणि विष उचलून न्यायचं! वनस्पतींकडून जमीन साफ करून घेण्याच्या शास्त्रामागची मूळ कल्पना एवढी सोपी आहे. ती कुठे खरी ठरते आणि कुठे फसते, हे मात्र जागा बघून ठरवावं लागतं. तारापूरसारखी जागा त्यासाठी चांगली कसोटी आहे.

बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला तारापूरची एमआयडीसी १९७०च्या दशकात उभी राहिली. औषधं, रंग, कीटकनाशकं, पोलाद, कापड असे हजारावर कारखाने तिथे आले. त्यांच्या आसपास कुंभवली, कोलवडे, सालवड, पाम, टेंभी ही गावं, पुढे नवापूर आणि समुद्र. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९मध्ये देशातले ८८ औद्योगिक पट्टे तपासले. त्यांतले ४३ अतिप्रदूषित ठरले आणि त्यांत महाराष्ट्रातल्या चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद आणि नवी मुंबईबरोबर तारापूर होतं. २०१८मध्ये १०० पट्ट्यांची मोजणी झाली, तेव्हा ९३.६९ गुण मिळवून तारापूर देशात पहिलं आलं. या परीक्षेत सत्तरच्या वर गेलेला नापास समजतात.

सांडपाण्याचं दुखणं इथे जुनं आहे. सामूहिक प्रक्रिया केंद्राची क्षमता रोज अडीच कोटी लिटर होती आणि येणारं पाणी त्याहून जास्त. जास्तीचं पाणी गटारं, नाले आणि खाड्यांच्या वाटेने जात राहिलं. ज्यांचं पोट खाडीवर, त्यांनीच शेवटी दाद मागितली. २०१६मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. जानेवारी २०२२मध्ये लवादाने शंभराहून अधिक कारखाने आणि प्रक्रिया केंद्र यांच्यावर भरपाई बसवली आणि तो पैसा पर्यावरण पूर्वपदावर आणण्यासाठी वापरावा असं सांगितलं. दरम्यान पाच कोटी लिटर क्षमतेच्या नव्या केंद्राचं कामही हाती घेतलं गेलं. पाण्याचं असं काहीतरी होत राहतं. नाला फुटून ज्या शेतात शिरला, ज्या खाजणात वर्षानुवर्षं गाळ बसला, तिथल्या मातीचं काय करायचं हा प्रश्न मात्र उरतोच.

वनस्पतीला विषाची आवड नसते. तिची गफलत होते. मुळांना जस्त हवं असतं आणि कॅडमियमचा कण जस्तासारखा वागतो, म्हणून त्याच दारातून आत शिरतो. आर्सेनिक फॉस्फेटच्या रूपात येतं, सीझियम पोटॅशियमच्या, स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या. बहुतेक झाडं हा पाहुणा मुळाशीच अडवतात. काही मोजक्या जाती त्याला वर नेऊन पानांतल्या पेशींच्या पोकळीत कोंडून ठेवतात. पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर एक झाड आहे. त्याचा चीक निळसर हिरवा असतो आणि वाळल्यावर त्यात जवळजवळ पंचवीस टक्के निकेल भरतं. फ्लोरिडात लाकडावर रसायन चढवण्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर लीना मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक नेचा सापडला. तो आर्सेनिक इतकं शोषत होता की प्रयोगात त्याच्या पानांत ते दोन टक्क्यांच्या वर गेलं. २००१मध्ये ‘नेचर’मध्ये ही बातमी आली तेव्हा जगभर खळबळ उडाली. नेचा मात्र दुर्मिळ नाही, भारतात तो जुन्या दमट भिंतींच्या भेगांतून उगवतो आणि दरवर्षी झाडूने खरवडला जातो.

आपल्याकडचा सगळ्यात आश्वासक गडी म्हणजे वाळा. उन्हाळ्यात माठात टाकतात, पडद्याला लावतात, तोच. त्याच्या मुळ्या आडव्या पसरत नाहीत, सरळ खाली तीन-तीन मीटर जातात. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात श्रद्धा सिंह, सुसन ईपन, एस. एफ. डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळ्याची रोपं किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम घातलेल्या पाण्यात ठेवली. हे काम २००८मध्ये प्रसिद्ध झालं. १६८ तासांत, म्हणजे एका आठवड्यात, वाळ्याने पाण्यातलं ९४ टक्के स्ट्रॉन्शियम आणि ६१ टक्के सीझियम ओढून घेतलं. त्यांची वाटणीही त्याने वेगवेगळी केली. सीझियम बरंचसं मुळांत ठेवलं, स्ट्रॉन्शियम पानांकडे पाठवलं. अणुवीज केंद्राच्या शेजाराला राहणाऱ्या तारापूरकरांचे कान हे वाचून टवकारतील, पण हा प्रयोग प्रयोगशाळेतल्या पाण्यावरचा होता. तारापूरच्या जमिनीबद्दल तो काही सांगत नाही. पाण्यातून ओढणं आणि मातीतून ओढणं यांत मोठा फरक आहे, कारण मातीत चिकणमातीचे कण त्या विषाला घट्ट धरून बसलेले असतात.

हा फरक सूर्यफुलांनी चांगला शिकवला. चेर्नोबिलजवळच्या एका तळ्यात १९९०च्या दशकात तराफ्यांवर सूर्यफुलं लावली आणि त्यांच्या मुळांनी पाण्यातलं सीझियम, स्ट्रॉन्शियम भराभर शोषलं. सूर्यफुलांची कीर्ती पसरली. २०११मध्ये फुकुशिमाची दुर्घटना झाल्यावर जपानमध्ये लोकांनी हौसेने शेतंच्या शेतं सूर्यफुलांनी भरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारी तपासणीचा निकाल आला, तेव्हा मातीतल्या सीझियमचा सुमारे दोन हजारावा भाग फुलांत उतरला होता. छायाचित्रं मात्र फार सुंदर आली.

बोईसरमध्ये हे लक्षात ठेवायला हवं, कारण आपल्याकडेही छायाचित्राला फार किंमत आहे. पाच जूनला कारखान्याच्या फाटकापाशी गुलमोहर आणि सप्तपर्णी लागतात, कुदळ हातात घेऊन साहेब उभे राहतात आणि हरित पट्ट्याची अट कागदावर पुरी होते. सावलीला, धुळीला ही झाडं चांगलीच. पण त्यांनी मातीतलं शिसं काढल्याचं कुणी सांगू लागलं, तर त्याला गणित विचारावं.

ते गणित असं. एक हेक्टरच्या वीतभर थरातली माती समजा २६०० टन. दर किलोमागे १०० मिलिग्रॅम शिसं त्यातून काढायचं आहे. म्हणजे काढायचं एकूण शिसं २६० किलो. मोहरी लावली, पीक जोमदार आलं, वाळवून १० टन भरलं आणि त्याच्या दर किलोत २०० मिलिग्रॅम शिसं चढलं असं धरू. हे धरणंही उदारपणाचंच आहे. एका पिकामागे निघालं दोन किलो. १३० पिकं घ्यावी लागतील. वर्षात दोन घेतली तरी पासष्ट वर्षं. मोहरी पेरणाऱ्याचा नातूही म्हातारा होईल.

यावर अमेरिकेत एक तोडगा काढला होता. न्यू जर्सीच्या ट्रेंटन शहरात मार्कर पेनांच्या एका जुन्या कारखान्याच्या जागेवर १९९०च्या दशकात मोहरी लावली आणि शिसं मातीच्या कणांपासून सुटावं म्हणून ईडीटीए नावाचं रसायन घातलं. शिसं सुटतं, मुळांकडे जातं, पिकात चढतं. पण जे सुटतं ते सगळंच मुळांकडे वळत नाही. पाऊस आला की उरलेलं खाली झिरपतं. पालघर जिल्ह्यात पाऊस चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तेव्हा विहिरींचं पाणी वर आलेलं असतं. हा उपाय इथे करायचा म्हणजे शेतातलं शिसं विहिरीत नेऊन सोडायचं.

धातू मातीतून उपसून काढणं इतकं संथ असेल तर झाडांचा उपयोग काय? उपसा सोडून दिला की उपयोग बराच दिसायला लागतो.

इचलकरंजीचं उदाहरण घ्या. तिथल्या कापडउद्योगाच्या सांडपाण्यातला रंग घालवण्यासाठी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संजय गोविंदवार, ज्योती जाधव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी निवडलेली झाडं ऐकून कुणाही बागकाम करणाऱ्याला गंमत वाटेल. झेंडू, ॲस्टर, गलांडा, चिनी गुलाब! ही रोपं सऱ्यांच्या वरंब्यांवर लावून सऱ्यांतून रंगीत पाणी सोडलं. दुसऱ्या एका प्रयोगात पाणकणीस आणि कोद्रा एकत्र लावले. कोद्रा म्हणजे कोकणातला हरीक, एकेकाळी गरिबाच्या ताटातलं धान्य. ही झाडं रंग साठवून ठेवत नाहीत. त्यांच्या मुळांतली विकरं आणि मुळांभोवती जमलेले जिवाणू मिळून रंगाचे मोठे रेणू तोडतात. धातूचा अणू तुटत नाही, पण कार्बनी रसायन तुटतं, आणि तारापूरचा बराच मोठा हिस्सा रंग, औषधं, कीटकनाशकं अशा कार्बनी रसायनांचा आहे. या संशोधकांनी आणखी एक चांगली गोष्ट केली. पाण्याचा रंग गेला म्हणून ते खूश झाले नाहीत. तुटून जे तुकडे उरले ते मूळ रंगापेक्षा कमी विषारी आहेत का, हेही तपासलं. पाणी दिसायला स्वच्छ आणि प्यायला घातक असू शकतं, हे नाल्याकाठच्या माणसाला सांगायला लागत नाही.

दुसरा उपयोग विष जागच्या जागी बांधून ठेवण्याचा. नागपूर जिल्ह्यात गुमगावला मँगेनीजच्या खाणीतून निघालेल्या दगडमातीचे ढीग उजाड पडले होते. तिथे गवतही धरत नव्हतं. नागपूरच्याच ‘नीरी’ संस्थेच्या आशा जुवारकर आणि त्यांच्या गटाने त्या ढिगांत साखर कारखान्यातला प्रेसमड मिसळला, नत्र धरणारे जिवाणू आणि मुळांशी राहणारी बुरशी घातली आणि मग साग, कडुनिंब, शिसू यांसारखी झाडं लावली. मँगेनीज तिथून गेलं नाही, जायचंही नव्हतं. पण ढिगाला मुळांनी आवळलं, वाऱ्याबरोबर उडणारी धूळ आणि पावसाबरोबर वाहणारा गाळ कमी झाला. पुढे चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींच्या ढिगांवरही याच रीतीने काम झालं. दिखाऊ नाही, वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येण्यासारखं नाही, पण तारापूरच्या नाल्यांच्या काठांना आणि राडारोड्याच्या ढिगांना नेमकं हेच हवं आहे. इथे पुन्हा वाळा कामाला येतो. शिसं, क्रोमियम, कॅडमियम तो बहुतांशी मुळांतच अडवून धरतो, पानांपर्यंत फार चढू देत नाही. नाल्याच्या काठाने दोन-तीन ओळी दाट लावल्या तर पावसात वाहून जाणारा गाळ त्यांच्यात अडतो, आणि धातू बहुतेक गाळालाच चिकटून प्रवास करतात.

तिसरा उपयोग झाडाच्या तहानेचा. अमेरिकेत मेरीलँडमधल्या ॲबरडीन इथल्या लष्करी जागेत भूजलात रासायनिक द्रावकं मिसळली होती. तिथे १९९६मध्ये पॉप्लरची झाडं लावली. ती झाडं मुळांनी इतकं पाणी ओढतात की दूषित भूजल पुढे सरकायचं थांबतं, आणि त्यातलं काही रसायन मुळांशी तुटतं, काही पानांवाटे उडून जातं. बोईसरला हा पंप आठ महिने चालेल. आषाढ-श्रावणात आभाळातून जेवढं पाणी येतं, तेवढं पिणारं झाड अजून उगवलेलं नाही.

आणि एक पंप इथे आधीपासून आहे, फक्त त्याला कुणी यंत्र म्हणत नाही. मुरबे-सातपाटीच्या खाडीकडे गेलं की काठाला तिवरांची रांग दिसते. तिवराची मुळं चिखलात श्वास घेण्यासाठी वरून प्राणवायू खाली नेतात. तो मुळांभोवती थोडा पाझरतो आणि तिथे लोहाच्या गंजाचा तांबूस थर जमतो. पाण्यातले जड धातू या थराला चिकटतात. खाली काळ्या चिखलात गंधकाशी संयोग होऊन उरलेले धातू न विरघळणाऱ्या रूपात बसून राहतात. कारखान्यांकडून खाडीत आलेल्या धातूंपैकी पुष्कळसे अशा चिखलातच अडकलेले असतात. म्हणून तिवरं तोडून भराव घालण्यात झाडांपेक्षा मोठं नुकसान होतं. चिखल उपसून उघड्यावर टाकला, वाळला, त्याला हवा लागली की गंधकाची ती गाठ सुटते आणि इतकी वर्षं कोंडलेले धातू पहिल्या पावसात मोकळे होतात. पापलेटच्या जाळ्यावर जगणाऱ्या सातपाटीला हे परवडणारं नाही.

विष ओढणाऱ्या झाडाचं नंतर काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी शेवटी विचारला जातो. जलपर्णी धातू उत्तम शोषते. नाल्यातून ती काढली की ‘सेंद्रिय खत’ करण्याची सूचना हमखास येते. शहरी सांडपाण्यातल्या जलपर्णीबाबतही ती सूचना जपूनच घ्यावी लागते, आणि कारखान्यांच्या नाल्यातली जलपर्णी खत म्हणून शेतात टाकणं म्हणजे विषाची पुन्हा पेरणी. गुरं सोडूनही चालत नाही. कापलेलं पीक वाळवून जपून जाळायचं आणि राख घातक कचरा म्हणून पाठवायची. पिकाचे काही टन, राखेची काही पोती. हजारो टन माती हलवण्यापुढे हे ओझं हलकं आहे, पण ते कुणीतरी उचलायला हवं, आणि पावसाच्या आधी.

पालेभाज्यांचं तर उलट आहे. पालक, लाल माठ, मेथी या जोमाने वाढतात, भरपूर पाणी ओढतात आणि कॅडमियमसारखे धातू पानांत चढवतात. सांडपाण्यावर पिकलेली पालेभाजी म्हणजे माती साफ करण्याचाच प्रयोग, फक्त कापणीनंतर विष तळोज्याला न जाता बाजारात जातं.

भाताचं गणित आणखी गुंतागुंतीचं आहे आणि पालघरच्या शेतकऱ्याला तेच सगळ्यात महत्त्वाचं. जपानमध्ये खाणींच्या कॅडमियममुळे जिन्झू नदीकाठच्या भातशेतीतून ‘इताई-इताई’ हा हाडांचा यातनामय आजार पसरला होता. पुढे तिथल्या शास्त्रज्ञांनी विष चढवणाऱ्या भाताकडूनच विष काढून घेतलं. चोकोकोकु नावाचं जोमदार वाण त्यांनी दोन वर्षं लावलं आणि पाणी काढून घेतल्यावर शेत कोरडं ठेवलं. दोन पिकांत मातीतलं कॅडमियम ३८ टक्क्यांनी घटलं आणि त्यानंतर त्या जमिनीत घेतलेल्या खायच्या तांदळातलं प्रमाण जवळजवळ निम्मं झालं. थोडी-मध्यम बाधा असलेल्या जमिनीवर, एका धातूसाठी, योग्य वाण घेऊन केलेलं हे काम खरोखर यशस्वी झालं.

शेत कोरडं का ठेवलं? चिखलात पाणी साचलेलं असताना कॅडमियम गंधकाशी बांधलेलं राहतं आणि भातात कमी जातं. पाणी काढलं की ते सुटतं. आर्सेनिक याच्या नेमकं उलट वागतं. पाणी साचलं की ते मोकळं होतं आणि भात त्याला सिलिकासारखं समजून आत घेतो. म्हणजे पालघरचा शेतकरी खरिपात बांध घालून पाणी अडवतो तेव्हा शेतात कॅडमियम असेल तर तो नकळत घर सांभाळत असतो, आणि आर्सेनिक असेल तर नकळत उलटं करत असतो. खाण्याचं पीक सोडून फुलांकडे वळायचं असेल तर तोही मार्ग जिल्ह्यात नवा नाही. जव्हार-मोखाड्याचा मोगरा दादरच्या फुलबाजारात जातोच. पण त्याआधी आपल्या शेतात नेमकं काय आहे ते कळायला हवं.

शेतकऱ्याच्या हातात आजघडीला जमिनीचा जो कागद येतो तो म्हणजे २०१५पासून मिळणारी मृदा आरोग्य पत्रिका. तीत बारा गोष्टी मोजलेल्या असतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगेनीज आणि बोरॉन. कुंभवलीचा शेतकरी असो की चंद्रपूरचा, पत्रिका सगळ्यांना सारखीच. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा आणि आर्सेनिक यांच्यासाठी तीत रकानाच नाही.